आईला उचलणारी हाडं

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या तपासणी केंद्रात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला टेबलावर चढूच दिलं नाही. हाडांची घनता मोजायचं यंत्र म्हणजे गादी घातलेलं एक लांबट टेबल आणि त्याच्यावरून सरकणारा एक पांढरा हात. टेबलाला वजनाची मर्यादा होती आणि मी ती ओलांडून बरीच पुढे गेले होते. तिथल्या मुलीनं मला खुर्चीत बसवलं, माझा डावा हात टेबलावर ठेवला आणि फक्त मनगटाचं मोजमाप घेतलं. "मॅडम, कंबर आणि मणका नाही घेता येणार," असं ती अगदी हळू म्हणाली. बाहेर बसलेल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज खाली आणला होता, आणि मला राग आला तो त्या काळजीचाच.

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते. मलकापूरला राहते, कराडच्या एका शाळेत गणित शिकवते. जाड माणसानं हसतमुख असावं, स्वतःवरचे विनोद स्वतःच आधी करावेत, अशी लोकांची अपेक्षा असते. ती मी कधी पुरी केली नाही. स्टाफरूममध्ये कुणी खुर्ची सरकवून "बाई, ही मजबूत आहे" म्हणालं, की मी दिवसभर त्याच्याशी बोलत नसे.

मनगटाचं ते मोजमाप वजन कमी करायच्या ऑपरेशनआधीचं होतं. ऑपरेशन मी हौसेनं केलं नाही. साखर वाढली होती, गुडघे गेले होते, दोन जिने चढले की फळ्यासमोर उभं राहून आधी दम घ्यावा लागायचा. त्यातलं काहीच मला पुरेसं वाटत नव्हतं. पण एकदा ऑपरेशन करणारे डॉक्टर माझ्याकडे न बघता, कागद चाळत म्हणाले, "घरी कोण असतं?" मी म्हटलं, आई. अर्धांगवायू झालेली. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "असंच चाललं तर त्यांच्या आधी तुम्ही जाल." ते वाक्य मी एसटीत बसून कराडपर्यंत घोळवत आले. लग्न केलं नाही, मूल नाही, मागं राहायचं ते एकाच माणसाच्या मागं. तेवढं तरी जमलं पाहिजे, म्हणून मी हो म्हटलं.

आईला उचलायची माझी एक पद्धत होती. कुणी शिकवलेली नव्हे, आम्ही दोघींनी मिळून बसवलेली. तिला पलंगाच्या कडेला बसवायचं, तिची पावलं माझ्या पावलांवर घ्यायची, तिचा चांगला हात माझ्या मानेत, आणि मग मी जराशी मागं कलले की ती अलगद माझ्या पोटावर यायची. तिचा सगळा भार माझं पोट घ्यायचं. पाठीला काही कळायचंही नाही. मग तशाच एकमेकींच्या पावलांवर आम्ही न्हाणीपर्यंत जायचो. आई म्हणायची, "तुझं प्वाट हाय म्हून मी चालतिया बग." आख्ख्या जगात माझ्या पोटाचं कौतुक करणारी ती एकटीच होती.

ऑपरेशनच्या वेळी माझा धाकटा भाऊ तिला दोन महिने पुण्याला घेऊन गेला. भाऊ चांगला आहे, वहिनीही चांगली आहे. पण त्यांचं घर नवव्या मजल्यावर, दिवसभर दार बंद. आई परत आली ती कानाला खडा लावूनच. "पाक तुरुंग हाय त्यो," म्हणाली. "खिडकीतनं नुस्तं आभाळ दिसतंय. आभाळाशी काय बोलायचं?"

वजन उतरू लागलं तसं सुरुवातीला मजा वाटली. मग वेगळंच सुरू झालं. आमच्याकडे प्रेम करायचं म्हणजे वाढायचं. पाहुण्याला पोटभर आग्रह केला नाही तर त्याला घरी बोलावलंच कशाला, अशी इथली रीत. आणि माझं पोट आता वाटीभर झालं होतं. चार घास हळूहळू चावून खायचे, पाचव्याला छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं. यात्रेच्या मटणाच्या पंगतीत मी ताटात दोन फोडी घेऊन बसले की यजमानीण हिरमुसायची. "आमच्यातलं आवडत न्हाई व्हय?" एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्या वर्षी आमंत्रणच आलं नाही. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. न जेवणाऱ्या माणसाला जेवायला बोलवून करायचं काय?

गल्लीत तर हिला मोठा आजार झालाय म्हणून बोललं जाई. जुने विद्यार्थी रस्त्यात ओळखत नसत. बाजारात एकाला मी हाक मारली तर तो दचकून मागं बघायला लागला, हाक दुसऱ्या कुणाची असावी म्हणून. शाळेत आधी माझ्या जाडीवर बोलणारे आता "बाई, वाऱ्यानं उडाल" म्हणू लागले. विषय तोच राहिला, नुसती बाजू बदलली. संध्याकाळी घरी येऊन मी आईसमोर बसायची आणि तिला म्हणायची, "बघ बाई, कशी झाले मी." ती माझ्या दंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "कोंबडीवानी झालीयास."

कपडे सगळे ढगळ झाले. शेजारच्या भाभी शिवणकाम करतात, दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच, मशीनचा आवाज दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात येतो. त्या कितीदा म्हणाल्या, "बाई, द्या हो आटवून देते, एक दुपारचं काम आहे." मी दिलं नाही. आटवून घालायचे कुणासाठी? कुडत्याला मागून आणि दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिना लावायच्या आणि वर ओढणी टाकायची. ओढणीच्या आत काय चाललंय ते बघायला येणारं कोणी नव्हतं.

आणि आईला उचलायची पद्धत मोडली. पोटच राहिलं नव्हतं. मी मागं कलले की ती माझ्या फासळ्यांवर आदळायची. "टोचतंय गं," म्हणायची. मग मी तिला पाठीच्या जोरावर उचलू लागले. गुडघे आता दुखत नव्हते, दम लागत नव्हता, म्हणून वाटलं जमेल. बरेच दिवस जमलंही. मग एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावर तिला वळवताना माझ्या पाठीत बारीकशी कळ आली. मी तिला पडू दिलं नाही. खुर्चीत बसवलं, अंघोळ घातली, पावडर लावली, शाळेत जाऊन दोन तास शिकवले. तिसऱ्या तासाला फळ्यावरची सर्वांत खालची ओळ लिहायला मला वाकता येईना.

कराडच्या डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशननंतर हाडं तपासली होती का? नव्हती तपासली. गोळ्याही आठवेल तशा घेत होते. ते म्हणाले, तपासणी करा, पण पहिली जिथं केली तिथंच करा. यंत्र बदललं की आकडे जुळत नाहीत. बाजारात हळद एका काट्यावर घेतली आणि दुसऱ्यावर तोलली तर भांडण व्हायचंच, तसं आहे ते. सुट्टी टाकली, आईचं सकाळी सकाळी सगळं उरकून तिला भाभींच्या हवाली केलं आणि सांगलीची गाडी धरली.

पाठीला पट्टा बांधला होता. पेठ नाक्यापर्यंत उभी होते, मग एका बाईनं जागा दिली. तिच्या मांडीवर डबा होता. तिनं तो उघडला, मलाही चटणी-भाकरी पुढं केली. मी नको म्हटलं. तिनं परत आग्रह केला, मी परत नको म्हटलं. मग ती खिडकीबाहेर बघत एकटीच जेवली. मला तिला सांगायचं होतं की तुमची चटणी वासावरून फार चांगली वाटतेय, पण ते राहूनच गेलं.

केंद्रात तीच मुलगी होती. तिनं मला ओळखलं नाही. जुना रिपोर्ट दाखवला तेव्हा ती एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. आज कॅल्शियमची गोळी घेतली का? नाही. अंगावर धातूचं काही? कानातलं काढलं, घड्याळ काढलं, पाठीचा पट्टा सोडला. "बरोबर कोण आलंय?" कोणी नाही. "कोणीच नाही?" मी म्हटलं, हाडं माझी आहेत, मी आलेय. ती हसली नाही. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

या वेळी मला टेबलावर झोपवलं. एखादी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं, खरंच. आधी तिनं डावं मनगट घेतलं, कारण जुन्याशी ताडून बघायला माझ्याकडे तेवढंच होतं. मग माझ्या पोटऱ्यांखाली चौकोनी ठोकळा सारला आणि मणक्यावरून तो पांढरा हात सरकू लागला. अर्ध्यातच ती थांबली. "मॅडम, मणक्यावर पिना दिसतायत."

तेव्हा मला आठवलं. कुडत्याच्या पाठीत, ओळीनं. विचारलं तेव्हा मी बेधडक काही नाही म्हणाले होते, कारण त्या पिना मला आता धातू वाटतच नव्हत्या, अंगाचाच भाग झाल्या होत्या. मी उठायला लागले तर ती म्हणाली, "उठू नका, पाठ दुखेल, मी काढते." तिनं मला कुशीवर वळवलं आणि एकेक पीन काढून ताटलीत ठेवली. कुडतं एकदम सैल होऊन दोन्हीकडे पसरलं. मग कमरेसाठी पाय आतल्या बाजूला वळवून पट्ट्यानं बांधला आणि म्हणाली, "पोटाची कातडी जरा वर धरता का? हाडावर येतेय." वजन गेलं तरी कातडी राहते, रिकाम्या पोत्यासारखी. ती मी दोन्ही हातांनी वर धरून पडून राहिले. मला जमेना तेव्हा तिनं आपला हात माझ्या हाताखाली दिला. गार हात होता तिचा. आईला सोडून मला कुणी हात लावल्याला किती दिवस झाले असतील, ते मला आठवेना, आणि डोळ्यांतून पाणी कानात जाऊ लागलं. "हलू नका हं," ती म्हणाली. मी हलले नाही.

डॉक्टरांची खोली वरच्या मजल्यावर होती. माणूस सज्जन, घाई न करणारा. त्यांनी आधी सांगितलं की कंबर आणि मणका आधी कधी मोजलेलाच नाही, त्यामुळे तिथं किती गेलं हे कुणालाच कळायचं नाही, आज किती आहे एवढंच कळतं. मनगटाचं मात्र कळतं. शिवाय पहिलं मोजमाप चरबीच्या थरातून घेतलेलं, त्यामुळे त्या आकड्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नये. "म्हणजे एवढं घाबरायचं कारण नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "थोडा फरक मोजण्यातला असेल. सगळा नाही. हाडं पातळ झालीत. मणक्याचा एक्स-रे काढू, पण त्याआधीच एक सांगतो."

मग त्यांनी समजावलं. जाड माणसाचं हाड रोजचा भार पेलून पेलून दणकट झालेलं असतं. भार गेला की शरीराला वाटतं, आता एवढं हाड हवंय कशाला. त्यात आतड्याची वाट छोटी केलेली, खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. इंजेक्शनं घ्यावी लागतील, गोळ्या चुकवायच्या नाहीत, अंडी, डाळी, चालणं. मी सगळ्याला मान हलवत होते. मी ज्याची वाट बघत होते ते शेवटी आलं.

"आईंना उचलणं बंद."

मी म्हटलं, पद्धत बदलली तर? पट्टा लावून? सकाळी एकदाच उचललं तर? वर्गातली पोरं दोन मार्कांसाठी घालतात तशी हुज्जत मी घातली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "दिवसभराची बाई ठेवा. पण तुम्ही नाही. एकदा मणका दबला की तुम्हालाच कोणीतरी उचलावं लागेल." बाई ठेवून बघितल्या होत्या. कुणी पंधरा दिवस टिकली, कुणी महिना. आई परक्या बाईच्या गळ्यात हात टाकायचीच नाही, अंग ताठ धरायची, त्यांच्या नाकी नऊ यायचे.

एक्स-रे काढला. मणका शाबूत होता. मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले, पर्समधलं उकडलेलं अंडं काढलं आणि सांगितल्याप्रमाणे हळूहळू चावून खाल्लं. समोर दोघं नवरा-बायको स्कूटरवर बसून एका पुड्यातले भडंग खात होते. मला त्यांचा इतका राग आला की मी उठून दुसऱ्या पायरीवर गेले. आईच्या मागं राहता यावं म्हणून मी पोट कापून घेतलं होतं आणि त्यापायी आईच माझ्याकडे राहणार नव्हती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. हे मी कुणालातरी मोठ्यानं सांगायला हवं होतं. फोन काढला, नावं वरखाली केली, परत ठेवला.

घरी आले तर भाभींनी आईला खुर्चीत बसवलेलं, त्यांचे मिस्टर मदतीला आले होते, आईनं अंग ताठच धरलं होतं म्हणे. आईनं विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

"सगळं ठीक आहे म्हणाला. नुसती लचक आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुजा बा बी बॉर्डरवरनं असंच लिवायचा," ती म्हणाली. "समदं ठीक हाय. आन घरी आला तवा पायात गोळी हुती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा बांधून तिच्यासमोर उभी राहिले. पावलं पुढं केली, वाकले. तिनं हात माझ्या गळ्यात टाकला नाही. चांगल्या हातानं तिनं पलंगाचा दांडा गच्च धरून ठेवला होता.

"मला उचलू नगंस."

"आई, उशीर होतोय शाळेला."

"जा मग शाळंला. मी हितंच हाय."

मी समजावलं, चिडले, तिची बोटं दांड्यावरून सोडवायला गेले. एका हाताची ती बाई, पण माझ्याच्यानं तिची बोटं सुटली नाहीत. मी तिला नको ते बोलले. हट्टी म्हटलं, बाबांनाही असंच छळलंस म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. थोड्या वेळानं अंथरूण ओलं झालं. जन्मभर स्वच्छतेचा सोस असलेली बाई, आल्यागेल्याला चप्पल बाहेर काढायला लावणारी, ती तशी ओल्यात पडून राहिली आणि दांडा सोडला नाही. मी पलंगाशी खाली बसून रडले. भाभी आणि त्यांचे मिस्टर आले, तेव्हा त्या दोघांना मात्र तिनं निमूट उचलू दिलं. जिनं कुणा परक्याच्या गळ्यात कधी हात टाकला नव्हता, तिनं भाभींच्या गळ्यात टाकला.

दुपारी म्हणाली, "त्याला फोन लाव. आयतवारी ये म्हणावं. मला पुण्याला जायचंय."

"तुला तिथं आवडत नाही."

"आवडतंय की. लय बरं वाटतंय तितं. लिफ्ट हाय, समदं हाय." हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

भाऊ रविवारी आला. त्यानं तिला लहान पोराला घ्यावं तशी दोन्ही हातांवर उचलली आणि जिना उतरला. "अक्का, तू काळजी करू नकोस," तो म्हणाला. त्याच्या दंडांकडे मी बघत राहिले. गाडीत बसल्यावर आईनं काच खाली करायला लावली आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं औषधांचं काही सांगेल. ती म्हणाली, "तू माज्या मागं ऱ्हायला पायजेस. म्हून चाललीया. न्हाईतर मेल्यावर मला त्या पुण्याच्या आभाळात कोन हुडकणार?" आणि स्वतःच हसली. मला हसायला आलं नाही.

आता रोज संध्याकाळी भाऊ व्हिडिओ कॉल लावून देतो. तिला फोन नीट धरता येत नाही, मला बहुतेक वेळा छत आणि पंखा दिसतो. मी चार घासांचं जेवण तिच्या आवाजासमोर जेवते. "जेवलीस का?" ती विचारते, मी जेवले म्हणते. इंजेक्शन घेते, गोळ्या चुकवत नाही, सकाळी चालायला जाते.

महिन्याभरात पाठ बरी झाली. पट्टा काढून टाकला. सांगलीच्या डॉक्टरांनी चौकशीला फोन केला आणि विचारलं, आता कुठं दुखतंय का. मी म्हटलं, नाही, आता कुठंच काही दुखत नाही.